चिरुटांना दाखवलेलं ऊन

परवा एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाने खिशातून चिरूट काढला. विडी पेटवावी तसा भकाभका ओढून पेटवला, धूर छातीत घेतला, ठसका लागला, आणि निम्मा झाल्यावर चपलेखाली चिरडून टाकला. भोवतालचे लोक कौतुकाने बघत होते. माझं डोकं फिरलं. मी उठून पंगतीत जाऊन बसलो. चिरूट असा ओढत नाहीत. कसा ओढतात ते मला चांगलं माहीत आहे, आणि माहीत नसतं तर बरं झालं असतं.

चव्वेचाळीस सालापासून तीन वर्षं मी नगरच्या कॅम्पात एका पारशी शेठच्या दुकानात विक्रीच्या कामाला होतो. मूळचा मी तिसगावकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. वडील लवकर गेले. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलो होतो आणि ते बोलायची लाज वाटत नव्हती, तेवढ्यावर नोकरी मिळाली. दुकानात सगळं साहेबलोकांचं सामान: डब्यातलं लोणी, बिस्किटं, दाढीचे साबण, बाटल्या. आणि एका बाजूला चिरुटांचं कपाट. ते माझ्या ताब्यात होतं.

शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं की चिरूट सुकला म्हणजे मेला. नगरची हवा कोरडी ठाक, चैत्रात इथे दाराच्या फळ्यासुद्धा तडकतात. म्हणून त्या सागवानी कपाटाला आतून पत्रा मारलेला होता आणि तळाशी पाण्याने भरलेली मातीची पसरट भांडी ठेवलेली असायची. सकाळ-संध्याकाळ ती भरायची. माझ्या घरी पिण्याचं पाणी आई अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणत होती त्या काळात मी चिरुटांना पाणी पाजत होतो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

निवडायचं कसं तेही शेठनीच शिकवलं. आधी बोटांनी. चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच दाबत जायचं. दाबला की दबला पाहिजे, सोडला की उठला पाहिजे. गाठ लागली तर तो नीट ओढला जात नाही, पोकळ लागला तर भडकून जळतो. मग कानाशी धरून फिरवायचा. चांगला चिरूट कानाशी गप्प असतो. कुरकुरला की समजायचं, सुकलाय. मग वरचं पान बघायचं: शिरा बारीक, रंग सगळीकडे एकसारखा, अंगावर तेलाचा जेमतेम तुकतुकीतपणा. नाक सगळ्यांत शेवटी. सहा महिन्यांत मला हे इतकं जमलं की शेठ स्वतःच गिऱ्हाइकाला माझ्याकडे पाठवू लागले.

मला त्यांनी पहिला चिरूट दिला तो वरचं पान फाटलेला, विकता न येणारा. पण होता क्युबातल्या हवानाचा. रविवारी दुपारी मी तो घेऊन कॅम्पाबाहेरच्या माळावर एका बाभळीखाली जाऊन बसलो. टोक ब्लेडने बारीकसं कापलं. दुसरं टोक काडीच्या ज्योतीवर जरा लांबूनच फिरवत फिरवत शेकलं, आणि मग तोंडाला लावला. धूर तोंडात धरायचा, आत घ्यायचा नाही. आधी भाजलेल्या शेंगदाण्याची चव आली, मग काकवीची, आणि निम्म्यावर आल्यावर नांगरटीच्या मातीचा वास. राख बोटभर झाली तरी गळली नाही. तासभर पुरला. तेवढ्या वेळात मी कोणाचा नोकर होतो हे मला आठवलंसुद्धा नाही. त्रिचनापल्लीचे, दिंडीगलचे चिरूट मी नंतर पुष्कळ ओढले, ते काही वाईट नव्हते, पण त्या दुपारची सर कशालाच आली नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वेड लागलं.

गिऱ्हाइकांत एक कर्नल साहेब होता. तो माझ्याशिवाय कोणाच्या हातचा चिरूट घेत नसे. मेसमध्ये पाहुण्यांसमोर मला 'माझा माणूस' म्हणायचा. मी त्याने फुगायचो, आज त्या फुगण्याची शिसारी येते. तर या साहेबाचा मुंबईत एक मित्र होता, परदेशातून तंबाखू आणणारा. त्याला माल पारखणारा माणूस हवा होता. विलायतेला परत जायच्या आधी तुला चिठ्ठी देईन, ती दाखवलीस की जागा तुझी, असं साहेब म्हणाला. त्या चिठ्ठीखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं. शेठ दुकान गुंडाळणार हे दिसत होतं. तिसगावला परत जाऊन बाजरीत उभं राहायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेबलोकांची बांधाबांध सुरू झाली. माझ्या साहेबाने शनिवारी निरोपाची मेजवानी ठेवली आणि जेवणानंतरचे चिरूट मी निवडावेत असं सांगितलं. शेठनी कुठून तरी हवानाच्या तीन पेट्या मिळवल्या. त्या तीन पेट्यांतून पंचवीस निवडायला मी अख्खा दिवस घालवला. एकेक दाबला, ऐकला, हुंगला. नाकारलेला पुन्हा हातात घेतला. शेवटी एका पेटीत माझे पंचवीस नीट लावले. त्याच दिवशी कपाट कोणीतरी विकत घेऊन गेलं. शेठ म्हणाले, शनिवारपर्यंत पेटी तुझ्या खोलीवर ठेव आणि तूच पोचती कर.

खोली भिंगारला होती, एकच, वर मातीचं धाबं. महिनाभरापासून आई तिसगावहून माझ्याकडे राहायला आली होती, माझ्या पोटाची तक्रार ऐकून. मी पेटी माठाच्या गारव्याला ठेवली, वर ओलं फडकं टाकलं आणि आईला म्हणालो, "आई, ह्ये जप. साहेबाची तंबाखू हाय. लई महागाची." एवढंच बोललो. जपायची कशी ते सांगितलं नाही. तिला काय सांगायचं, असंच मला वाटलं असणार. चार दिवस मी सकाळी आणि संध्याकाळी फडकं भिजवत होतो. आतली हवा जाऊ नये म्हणून झाकण मात्र उघडलं नाही.

शनिवारी दुपारी शेवटची नजर टाकावी म्हणून उघडलं. वर कडुलिंबाचा पाला पसरलेला होता. पाला बाजूला केला, एक चिरूट उचलला, आणि तो हातातच मोडला. दुसऱ्याचं वरचं पान कांद्याच्या टरफलासारखं सुटून आलं. सगळेच हलके, वाळलेल्या शेंगांसारखे वाजणारे.

"ह्ये काय केलंस?" मी ओरडलो.

आई चुलीपासून उठून पदराला हात पुसत आली. काम नीट पार पाडलेल्या माणसाचं समाधान होतं तिच्या तोंडावर. "सादळली हुती रं सगळी. पार मऊ पडली हुती. तीन दिस धाब्यावर ऊन दावलं, आता कशी खडखडीत झाली बघ. कीड लागू नये म्हनून लिंबाचा पाला घातलाय."

आज विचारतो, यात तिचं काय चुकलं? आमच्याकडे जपायचं म्हणजे ऊन दाखवायचं. बियाणं असो, डाळ असो, हळद असो, उन्हात खडखडीत करायची, पाला घालायचा, मग ठेवायची. वडिलांची खायची तंबाखू पावसाळ्यात सादळली की बुरशी धरायची, तीही ती अशीच धाब्यावर टाकायची. माझ्या महागाच्या वस्तूला ओल लागलेली बघून तिचा जीव वरखाली झाला असेल. तीन दिवस चैत्राच्या उन्हात ती शिडी चढली-उतरली आणि पाखरं राखत बसली. मी जप म्हणालो होतो, तिने जपलं.

पण त्या दुपारी मी तिला जे बोललो ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. "तू अडानी ती अडानीच. जलमभर शेनात हात घातलेस, तुला काय कळनार?" असं मी बोललो, आणि आणखीही बोललो.

मोडलेल्या चिरुटाचे तुकडे तिने वेचून पदरात घेतले. मग म्हणाली, "मी येते तुझ्यासंगं. साहेबाला सांगते, माझ्या लेकाचा गुन्हा न्हाई, माझ्या हातनं झालं."

"नको. तुला तिथं कोन इचारतंय?"

खरं कारण वेगळं होतं. ठिगळाचं लुगडं आणि अनवाणी पाय घेऊन ती साहेबाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी उभी राहणार, हे मला चालणार नव्हतं.

त्यातल्या त्यात धड दिसणारे वर लावून मी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात साहेबाबरोबर आणखी दोघे ऑफिसर बसले होते. साहेबाने पेटी उघडली, एक चिरूट घेतला आणि कानाशी धरून फिरवला. ती कुरकुर मला चार हातांवरून ऐकू आली. त्याचा चेहरा उतरला. दुसरा घेतला, तोही तसाच. "हे काय आहे?" तो म्हणाला.

आणि मी सांगितलं. माझ्या चांगल्या इंग्रजीत सगळं रंगवून सांगितलं. माझी आई खेडवळ आहे, अडाणी आहे, तिला वाटलं तंबाखू भिजली, म्हणून तिने हवाना बाजरीसारखे उन्हात घातले. तळाशी राहिलेली लिंबाची डहाळी एका ऑफिसरने चिमटीत धरून वर केली. साहेब आधी बघत राहिला, मग हसायला लागला. मग तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो. त्यांच्याहून मोठ्याने हसलो, कारण साहेब हसतोय म्हणजे चिठ्ठी मिळणार हे मला कळलं होतं.

चिठ्ठी मिळाली. साहेबाने तिथेच बसून लिहिली आणि हसत हसत माझ्या हातात दिली. फाटकाबाहेर आल्यावर मी ती वाचली. माझं काम, माझी पारख, माझा प्रामाणिकपणा, सगळं होतं. शेवटची ओळ अशी होती: या माणसाच्या हाती तंबाखू निर्धास्त द्यावी, फक्त त्याची आई तिच्याजवळ फिरकणार नाही एवढं बघावं.

गोष्ट मीच त्याला दिली होती, त्याने फक्त लिहून काढली. मुंबईत तो मित्र ही ओळ वाचणार, हसणार, मला ती हकिगत पुन्हा सांगायला लावणार, आणि मी पुन्हा रंगवून सांगणार, हे मला फाटकाशीच दिसलं.

आई उंबऱ्यात बसली होती. जेवली नव्हती. "दिली का चिठ्ठी?"

"दिली."

"अन् माझं काई बोलला न्हाईस ना? तुझी शोभा झाली असती."

"न्हाई," मी म्हणालो.

तिने चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितली. मी मराठीत करून सांगत गेलो. शेवटच्या ओळीशी थांबलो. तिने बोट ठेवलं. "ही वळ राहिली. हिच्यात काय हाय?"

"हिच्यात हाय," मी म्हणालो, "याची आई लई गुनाची हाय."

तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि उलटसुलट बघितला. दुपारचं एक अक्षर तिने काढलं नाही. म्हणाली, "मुंबईला जायाचं तवा घिऊन जा. तवर माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी मुंबईला गेलो नाही. दुकान बंद झालं तसा तिसगावला परतलो आणि जिथे उभं राहायचं नव्हतं त्या बाजरीत उभा राहिलो. आई गावात सांगायची, साहेबाची चिठ्ठी असूनसुद्धा लेक माझ्यासाठी मागं राहिला. बायका मला भला माणूस म्हणायच्या. मी कोणाला काही म्हणालो नाही. चिरूट पुन्हा कधी तोंडाला लावला नाही. त्यात त्याग कसला, गावात मिळतो कुठे.

चिठ्ठी तिने लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून, लिंबाचा पाला घालून आपल्या पेटीत ठेवली होती. दर चैत्रात बियाण्याबरोबर ती धाब्यावर आणायची आणि तिला ऊन दाखवायची. उडू नये म्हणून वर खडा ठेवायची.

एकोणपन्नास साली शाळेत नवे मास्तर आले. त्यांना इंग्रजी येत होतं. चैत्रात मी धाब्यावर बाजरी पसरत होतो, चिठ्ठीही तिथेच उन्हात होती, तेव्हा आई त्यांना शिडीवरून वर घेऊन आली. "मास्तर, साहेबानं लेकाला लिवलंय. शेवटच्या वळीत माझं हाय, मी गुनाची हाय म्हनून. जरा तेवढी वळ वाचा, मला ऐकायची हाय."

मास्तरांनी सगळी चिठ्ठी वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली असावी. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बाजरीतला हात बाहेर काढला नाही.

"हो आई," ते म्हणाले, "तसंच लिहिलंय."

त्यांनी कागदाची घडी घातली, पाला आत ठेवला, चिंधी गुंडाळून तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता शिडी उतरले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

"मास्तर भला मानूस हाय," आई म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो.