दात कशानं घासता, असं विचारणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात नारायणगावच्या एका लहान रुग्णालयात झाली. त्या प्लास्टिक सर्जन, बाजाराच्या दिवशी पुण्याहून यायच्या. मी आळेफाट्याची साधी जनरल प्रॅक्टिशनर. ओघळलेले स्तन वर बसवण्याची शस्त्रक्रियाही त्या करतात हे ऐकून मी तोंडावरच म्हणाले, "आमच्याकडे कोण येणार यासाठी?" ताई हसल्या. "येतात तुमच्याकडेच, पण सांगत नाहीत."

आण्याच्या पठारावरची कमल माझ्याकडे पाठदुखीचं निमित्त करून आली. तीन मुलं झालेली, मग आजारपणात अंग एकदम उतरलेलं. हळदीकुंकवाला जाणं, सख्ख्या बहिणीसमोर लुगडं बदलणंसुद्धा तिनं सोडलं होतं. पस्तिशीची बाई, पण सदा वाकून, पदर गच्च ओढून बसायची. मी तिला ताईंकडे नेलं.

ताईंची समजावण्याची रीत शिंपिणीची. "ब्लाउजला टक्स मारले की तो नीट बसतो, कापड काही वाढत नाही. तसंच हे. जादा कातडी काढायची, उरलेलं वर बसवायचं. आकार वाढणार नाही. वण राहतील, फिके होतील पण जाणार नाहीत. स्पर्श थोडा बधिर होऊ शकतो. अजून मूल हवं असेल तर थांबा, अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. आणि वयानं, वजनानं पुन्हा ओघळणारच." एवढं ऐकून कित्येक बायका मापाची ब्रेसियर घेऊन समाधानानं घरी जात, आणि ताईंना त्याचाच आनंद. कमल मात्र ठाम राहिली. गाठबिठ नाही ना, ते तपासून झालं. ताईंनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"न्हाई वो. आमच्यात बायका खात न्हाईत."

शस्त्रक्रियेच्या सकाळी ताईंना कमल मोरीपाशी दिसली, बोट काळं, तोंडात मिश्री. आता आमच्या भागात मिश्री म्हणजे दात घासणं. ती भाजलेली तंबाखूच असते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. तंबाखूनं कातडीला रक्त कमी पोचतं, जखम चिघळते. ताईंनी शस्त्रक्रिया थांबवली. कमल रडायला लागली. "सासूबाईंनी यकदा धाडलं. आता पुन्हा न्हाई धाडायच्या."

"चूक तुमची नाही," ताई म्हणाल्या, "प्रश्न मी चुकीचा विचारला."

पुढच्या बाजारी ताई मला घेऊन थेट आण्याला गेल्या. सासूबाई ओट्यावर मिश्रीच लावत बसल्या होत्या. ताईंनी काही लपवलं नाही. शस्त्रक्रिया कसली, कशासाठी, मिश्री का सोडायची, सगळं सांगितलं. सासूबाईंनी मिश्रीची डबी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता आमची वरात निघते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाल्या, "पोर लई दिस वाकून चालती, मला काय दिसत न्हाई व्हय? पर घरात डबी असली तर तिची सवय सुटायची न्हाई. ही घ्या, माझीबी न्हेवा."

महिना-दीड महिन्यानं शस्त्रक्रिया झाली. एका टाक्यापाशी जखम भरायला वेळ लागला, बाकी सगळं छान. नंतर काही आठवडे ओझं उचलायचं नव्हतं, तर हंडे सासूबाईंनी वाहिले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कमल ताठ मानेनं गेली. ते ऐकून मी दवाखान्यातच डोळे पुसले.

तेव्हापासून ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला, "दात कशानं घासता?" निम्म्या नारायणगावला त्या दातांच्या डॉक्टर वाटतात. एकदा एका आजींनी आ करून किडलेली दाढच दाखवली. ताईंनी तीही बघितली.

यंदा ताई साठीच्या झाल्या. हा लेख लिहायला घेतला तेव्हा कमलला फोन केला. ती म्हणाली, "वण हायेत. पर बाईंनी आधीच सांगितलं व्हतं, म्हणून त्यांचं काय वाटत न्हाई. आन् मी न् सासूबाई, दोघीबी आजून कडूलिंबाचीच काडी घासतो."

ताई, आण्याची ती डबी तुमच्या टेबलावर अजून आहे, टाचण्या ठेवायला. तुमचे हात असेच स्थिर राहोत, गुडघे कुरकुरू नयेत, शंभरी सुखात गाठा. आणि तोवर त्या डबीशेजारी इतक्या डब्या जमोत, की टेबलावर चहाचा कप ठेवायलाही जागा उरू नये.