सर्व खलाशी सुखरूप

‘सर्व खलाशी सुखरूप’ हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते माझ्या मनानं लिहिलं.

दाभोळच्या आमच्या घरात पेपर यायचा तो सुके बोंबील बांधायला. वडील खलाशी, काका तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. मला मात्र होडीत पाय ठेवला की उलटी होई, म्हणून शाळेत घातलं. पुढे रत्नागिरीच्या एका दैनिकाचा वार्ताहर झालो आणि खाडीचं तोंड एकदाही न ओलांडता भर दर्यातल्या वादळांची वर्णनं करू लागलो. वडील गेल्यावर घर काकानंच ओढलं. पेपरात छापलेलं माझं नाव कापून त्यानं बोटीच्या केबिनमध्ये चिकटवलं होतं.

त्या खेपेला वाऱ्यात त्याची बोट चौघांसकट बेपत्ता झाली. माणूस दर्यात हरवला की आमच्या घरी चूल पेटत नाही. काकी शेजारणीनं दिलेली भाकरी पुढ्यात घेऊन नुसती बसून असे. संध्याकाळी जयगडहून एकाचा फोन आला, “बोट गावली रे! टोचन करून आणतायत.” आणि फोन तुटला. तिकडे ऑफिसात पान छपाईला सुटायला आलं होतं. ‘बोट सापडली’ लिहिलं की पुढचं वाक्य आमच्या धंद्यात हात आपोआप लिहितो. शिवाय मला तेच हवं होतं.

सकाळी मी काकीला बातमी वाचून दाखवली, रेडिओवरच्या माणसासारखी, खणखणीत.

“छापून आलंय?”

“मीच लिहिलंय, काकी.”

तिनं चूल पेटवली. भात टाकला, बांगड्याचं तिखलं केलं आणि डबा भरून जेटीवर निघाली. मागून मी, छाती काढून.

दुपारी बोट लागली. तिघे उतरले. चौथा उतरेना. काकी डबा पोटाशी धरून केबिनकडे बघत राहिली. शेवटी तिघांतला एक खाली बघत म्हणाला, “लाटेनं नेला गो वयनी. पैल्याच रात्री.”

बरेच दिवस शोधलं, पण काका गावला नाही. मग ऑफिसातून निरोप आला, निधनवार्ता पाठवा. काकाचं वय विचारायला मी काकीसमोर बसलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

“दुसऱ्या कोणाला तरी लिवाय सांग. तू लिवलंस तर तो मेला म्हणून कोण इस्वास ठेवायचा नाय.”