उभं राहायचे प्लग

उत्तमकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्पार्क प्लग असायचा. देवळात, लग्नात, डॉक्टरकडे, सगळीकडे. बोलता बोलता ते तो काढायचे, एक डोळा मिटून उन्हाकडे धरायचे आणि त्याच्या पांढऱ्या नाकावर चढलेला रंग बघून इंजिनाच्या सात पिढ्यांचं सांगायचे. पत्रिका बघणारे त्यांच्यापुढे झक मारतील. काका आता नाहीत, त्यामुळे मी काय वाट्टेल ते सांगायला मोकळा आहे; पण पुढचं बहुतेक खरं आहे.

मूळचे तासगावकडचे. इकडे परदेशात, टार्निट नावाच्या उपनगरात माझ्या शेजारी राहायचे. आमच्या त्या नव्याकोऱ्या, एकसारख्या घरांच्या रांगेत त्यांच्या गॅरेजमध्ये गाडीऐवजी सासऱ्यांचा जुना ट्रॅक्टर होता. सासरे इथलेच शेतकरी, बायकोचं नाव जून. इथल्या जत्रांत जुन्या ट्रॅक्टरांच्या शर्यती लागतात. मागे वजन लादलेली घसरगाडी जोडायची आणि कोण लांबवर ओढतो ते बघायचं. जूनकाकू चालवायची, काका प्लग निवडायचे. तो ट्रॅक्टर सुरू झाला की आमच्याकडचे कॉकाटू पक्षी थेट टास्मानियाला जाऊन स्थायिक व्हायचे.

"ओढताना इंजिनाच्या पोटात भट्टी पेटते, पुणेकर," काका मला शिकवायचे. "तिथं थंड डोक्याचाच प्लग पायजे. गरम बसवलास तर वितळून मरंल. जूनशी संसार करायला माझ्यासारखा लागतो, तसंच."

आपलं नाव ऐकून काकू आतून इंग्रजीत विचारायची, "मेट, काय म्हणतोय हा माझ्याबद्दल?"

"स्तुती करतायत."

"खोटारडा," ती म्हणायची. दोघांपैकी कोण, ते कधी सांगितलं नाही.

लॉकडाऊनच्या थोडं आधी काकूला पक्षाघात झाला आणि ती जवळच्याच केअर होममध्ये गेली. मग भेटी बंद झाल्या. माझी बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या होत्या, त्या तिकडेच अडकल्या. संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे काकांची. मी एवढा बडबड्या, पण तेव्हा फ्रीजशीसुद्धा बोलून झालं होतं आणि तोही उत्तरं द्यायला कंटाळला होता.

काका रोज काकूच्या बंद खिडकीबाहेर जाऊन उभे राहायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. नर्सने फोन कानाला लावला तरी वळायची नाही. एकदा नर्स म्हणाली, "त्यांच्या ओळखीचा एखादा आवाज आहे का?"

"आहे की," काका म्हणाले.

ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवला. एका माणसाबरोबर व्यायाम करायला सरकारची परवानगी होती. त्या ट्रॅक्टरचं हँडल मारणं हा व्यायाम नसेल तर जगात व्यायाम नाही, म्हणून मीही गेलो. खिडकीखाली इंजिन सुरू झालं आणि काकूची मान हलली, अर्धी वळली. तेवढ्यात इंजिन खोकायला लागलं, धूर सोडला आणि बंद पडलं. मी हँडल मारून मारून खांदा निखळवला. ते काही उठलं नाही. काकू परत भिंतीकडे वळली.

घरी येताच काकांनी पाना घेतला. मग प्लग काढून तळहातावर ठेवले. काळे, ओले.

"सवयीनं ओढायचेच, थंड डोक्याचे घालून नेले रं. इंजिन मंद चाललं की ते तापतच न्हाईत, काजळी धरत्यात. जन्मभर ओढायचे निवडले. उभं राहायचे कधी लागलेच न्हाईत."

मग गरम प्लगांचा शोध सुरू झाला. पार्सलं यायची. काका प्लग बसवायचे, इंजिन मंद ठेवायचे, काढायचे आणि झाडूच्या दांड्याला बांधून कुंपणावरून मला दाखवायचे. "काळा ना? अजून गरम पायजे."

"काका, यूट्यूबवरचा ट्रॅक्टर ऐकवला तर?"

"तुझ्या बायकोला यूट्यूबवरचा नवरा चालंल का?"

माझ्या बायकोचं तेव्हा फोनमधल्या नवऱ्यावरच चाललं होतं.

शेवटी एक संच जमला. नाकावर काजळीऐवजी बिस्किटाचा रंग आला.

"पण ह्यांच्यावर परत शर्यतीत ओढता येईल?" मी विचारलं.

"इंजिन जाईल."

"मग?"

"चालवणार कोण?" काका म्हणाले आणि ट्रेलर जोडायला गेले.

या वेळी इंजिन खोकलं नाही. काकू वळली, पूर्ण वळली. बरा असलेला हात काचेला टेकवून तिने तो सावकाश खाली आणला. काकांनी इंजिन आणखी मंद केलं. हात पुन्हा खाली आला. काकांनी आणखी मंद केलं, इतकं की एका ठोक्यानंतर पुढचा येईल की नाही याची धास्ती वाटावी. येत होता. प्रत्येक वेळी येत होता. काकूचे डोळे मिटले.

थोड्या वेळाने नर्सने दार किलकिलं केलं. "झोपल्या त्या. कित्येक दिवसांनी. तुम्ही गेलात तरी चालेल."

"हो, निघतोच," काका म्हणाले आणि लिव्हरवरचा हात तसाच ठेवला.

मी त्यांना खूण केली, करा बंद.

"बंद केला की जाग येईल तिला," काका म्हणाले.

टाकीत पेट्रोल होतं तोवर आम्ही तिथेच होतो.