एकादशीचं ताट

सांगायला बसले तरी अजून मान खाली जाते. देवाच्या प्रचीतीच्या गोष्टी लोक सांगतात, त्यांत कुणाला स्वप्नात दर्शन होतं, कुणाचं पोर बुडता बुडता वाचतं. मला देव भेटला तो माझ्याच जेवणाच्या ताटावर, आणि आधी त्याने माझी लाज काढली.

आम्ही तेव्हा कलकत्त्याला भवानीपुरात राहत होतो. यजमानांची सरकारी नोकरीतली बदली. रोज ट्रामने एस्प्लनेडच्या कचेरीत जायचे. नव्या चपलेने माझ्या डाव्या पायाचा अंगठा चावला आणि ती जखम काही केल्या भरेना, म्हणून बंगाली डॉक्टरांकडे गेलो, तर निघाला मधुमेह. भात, बटाटा, साखर, गूळ सगळं बंद. मासे खा म्हणाले. आम्ही खात नाही. अंडी? तीही नाही. त्यातून चातुर्मास, म्हणजे कांदा, लसूण, वांगंसुद्धा वर्ज्य. "फिर आप खाती क्या हैं?" त्यांनी विचारलं. तुमचं डोकं, असं अगदी ओठांवर आलं होतं. शेवटी दोन फुलके, मुगाची आमटी, दुधी, पडवळ, पालेभाजी आणि छेना, म्हणजे तिकडचं ताजं पनीर, यांवर आमची तडजोड झाली. निघताना भीत भीत म्हटलं, "मी एकादशीचा उपवास करते, चालेल ना?" "उपोस? बहुत अच्छा," डॉक्टर म्हणाले. मला हायसं वाटलं.

कारण ती एकादशी सुटणं शक्य नव्हतं. माझी एकुलती एक लेक लहानपणी विषमज्वराने हातची चालली होती, तेव्हा घरातल्या बाळकृष्णापुढे मी पदर पसरला होता, हिला वाचव, जन्मभर एकादशी मोडणार नाही. ती वाचली. आता ती इंदूरला सासरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझाच पाय असा, म्हणून तिच्या सासूबाईंनी तिला ठेवून घेतलं. त्या गोष्टीचीही मला फार लाज वाटे.

घरी तपासायला डॉक्टरांनी निळं औषध दिलं होतं. काचेच्या नळीत ते औषध घालायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर फार. हा सोपस्कार मी न्हाणीघरात करायची, सोवळ्यापासून लांब. इतर दिवशी नळी हिरवट यायची, आणि एकादशीच्या संध्याकाळी नेमकी विटकरी. "अगं, उपासाला साखर येते कुठून?" यजमान विचारायचे. "बंगाल्यांच्या औषधाला आपला उपास काय कळणार," मी ठणकावून सांगायची. इकडे जखम चिघळत होती. असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टर बोलून गेले.

पुढच्या एकादशीला दुपारी मी ताट वाढून घेतलं होतं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गुळातले काप आणि वर दोन केळी. उपासाच्या गुळाला दोष नसतो, अशी माझी ठाम समजूत. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मासिमा वर आल्या. वाऱ्याने माझं पातळ त्यांच्या व्हरांड्यात पडलं होतं, ते द्यायला. म्हातारी विधवा बाई, बिनकाठाचं पांढरं लुगडं, केस बारीक कापलेले. ताटाकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. "वा बौमा, आज कार जन्मोदिन?" म्हणजे सूनबाई, आज कुणाचा वाढदिवस?

"नहीं मासिमा, आज हमारा एकादशी का उपवास है," मी म्हटलं. आणि काहीतरी बोलायचं म्हणून पुढे म्हटलं, "आप भी थोडा लीजिए."

"आज तो हमारा भी एकादशी, मा. हम जल भी नहीं लेगा."

त्यात टोमणा असता तर मी चोख उत्तर दिलं असतं. टोमण्यांना मी कधी हार गेलेली नाही. पण त्यांनी साधं, खरं सांगितलं होतं. त्यांच्याकडे विधवेला एकादशीला पाण्याचा थेंबही वर्ज्य असतो. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पातळाची नीट घडी घालून त्या हळूहळू जिना उतरून गेल्या. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून मी जन्मभर दुसऱ्यांना चिडवत आले होते. आता त्या ताटासमोर बसून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घास काही तोंडाशी गेला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना ताटातलं सगळं सांगितलं. उपास म्हणजे मी काही खातच नसेन, असं ते धरून चालले होते. "साबू, आलू, गुड, इसको उपोस बोलता है?" त्यांनी कपाळाला हात लावला. मग समजावून म्हणाले, जखम असताना उपाशीही राहू नका, एकादशीलाही रोजचंच जेवा. म्हणजे एकादशीला धान्य. नवस मोडायचा, आणि तोही लेकीचे दिवस भरले असताना. तिला काही झालं तर?

पुढची एकादशी आली. स्वयंपाक केला, पण जेवायचा धीर होईना. मी लंगडत खाली मासिमांकडे गेले आणि त्यांच्या गोपाळाच्या मूर्तीसमोर बसून सगळं बोलून टाकलं, नवस, लेक, अंगठा. त्या म्हणाल्या, "हमको तो आज तक कोई खाने नहीं बोला, मा. तुमको डॉक्टर के मुँह से ठाकुर खुद बोल रहा है. खाओ." देवाला त्या ठाकुर म्हणत. त्यांनी गोपाळाच्या पायाजवळचं तुळशीचं पान माझ्या हातावर ठेवलं.

वर येऊन ते पान मी फुलक्यांवर ठेवलं आणि बाळकृष्णाला म्हटलं, आता तू जाण आणि तुझी लेक जाणे. पहिला घास रडत रडत गिळला. ताट उचलायच्या आत तारवाला आला. यजमान कचेरीत, मला इंग्रजी वाचता येईना. तशीच मासिमांकडे धावले. त्यांच्या नातवाने तार वाचली: मुलगी झाली, दोघी सुखरूप. मासिमांनी माझ्या हनुवटीला हात लावला आणि हसून म्हणाल्या, "एबार बोलो बौमा, आज कार जन्मोदिन?"

जखम सावकाश भरली. अंगठा राहिला, नख मात्र वेडंवाकडंच आलं. मी तर देवाशी व्यवहार करून बसले होते आणि त्याचा वाटाही स्वतःच खात होते. त्याने माझा तोही लबाड उपास सांभाळून घेतला, आणि मोडायची वेळ आली तेव्हा माझा हात धरला. आता एकादशीला मी डॉक्टरांनी सांगितलेलंच जेवते. जेवायच्या आधी बाळकृष्णापुढे पेलाभर गार पाणी ठेवते, मासिमांच्या नावाने. तेवढं पाणी मला त्यांना कधी पाजता आलं नाही.