विहिरीचा धडा

ज्या शनिवारी बाईंनी आईला शाळेत बोलावलं, त्या शनिवारी मी तिच्याबद्दल खोटं बोलले. मी चौथीत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — तुम्हाला सांगेन की नाही, हेही आत्तापर्यंत ठरलं नव्हतं.

नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत आमचं घर. आईला अक्षरओळख नव्हती. पण मी शाळेतून आले की ती चरख्यावर मागासाठी कांड्या भरायला बसायची आणि म्हणायची, "वाच वं." कांडी सुताने भरेपर्यंत मी वाचायचं, तिने ऐकायचं. चरख्याला मात्र तिने मला कधी हात लावू दिला नाही. शेजारीण भिंतीपलीकडून टोमणा मारायची, "पोरगी बॅलिस्टर व्हते का वं तुही?" आई म्हणायची, "झाली तं तुले काहून दुखते?"

आणि मी? मला जोडाक्षरं येत नव्हती. ओळींवरून बोट फिरवत, चित्र बघून, मी मनानेच रचत होते. मधेच अडखळायचंसुद्धा — खरं वाटावं म्हणून. आई चाक थांबवून विचारायची, "मंग? हत्तीचं काय झालं?" तिच्या त्या 'मंग'साठी रचत गेले, असं म्हणू का? नको. मला अभ्यास नको होता, इतकंच.

त्या शनिवारी बाईंनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. म्हणाल्या, "हिला वाचता येत नाही." आई हसली. "रोज वाचते जी बाई. मी सोता आयकतो." मी पानावर बोटही टेकवलं नाही. तिला वाटलं, मी घाबरले. मग मला आधार म्हणून तिनेच धडा सांगायला घेतला — पानावरच्या विहिरीच्या चित्रावरून ओळखून. विहिरीत पडलेला हत्ती, धावून आलेलं गाव, दोरखंड... एकही गोष्ट विसरली नव्हती ती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "या धड्यात हत्ती नाही," त्या म्हणाल्या. "पाणी गाळून प्यावं, असा धडा आहे हा." मागच्या बाकांवरच्या मुली हसल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, घरी अभ्यास का होत नाही? आणि मी म्हणाले — "आई कांड्या भरायला लावते."

कुठून आलं हे तोंडात? छडी टेबलावर होती, हे खरं. पण छडी काय, आधीही खाल्ली होतीच की.

"पोरीच्या जिवावर माग चालवता?" बाई तिला बोलत राहिल्या. ती एक शब्द बोलली असती, तर मी उघडी पडले असते. ती म्हणाली, "चुकलं जी."

घराच्या दारात ती म्हणाली, "मले वाटे, तू वाचून राहिली."

त्यानंतर तिने मला कधी 'वाच' म्हटलं नाही. चरखा घेऊन ती मागच्या पडवीत बसू लागली; मी पुढच्या खोलीत, एकटी. मी शिकले. पुढे इतकी पुस्तकं वाचली, की लोक नावाजू लागले. एका घरात आम्ही आणखी एकोणीस वर्षं राहिलो — आणि 'आई, मी चुकले' हे एवढंसं वाक्य मी एकदाही म्हटलं नाही.

परवा तिच्या तेराव्याला उमरेडची मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "तुह्या मायनं तुले काहीच कमी नाई पडू देल्लं." मी मान हलवली.

मी खोटं बोलले, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आता मला एकटीला आहे.