हॉलमधला वापसा

पैशानं सुख मिळत नाही असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. असं म्हणणाऱ्यानं दोन पिशव्या आणि दुखरा गुडघा घेऊन पैठणच्या एसटीत कधी उभ्यानं प्रवास केलेला नसतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आमची आई म्हणायची, आणि ते शंभर टक्के खरं होतं. म्हणून माझ्या थोरल्या भावाची जमीन रस्त्यात आणि कारखान्यांत गेली आणि त्याच्या दारी पैसा आला, तेव्हा मी ऊर बडवला नाही. मी पेढे खाल्ले.

आमचं गाव चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडवरून आत. मी लग्न होऊन शहरात आले ती इथलीच झाले. दादा गावातच राहिला. वहिनी जमीन जायच्या आधीच वारली होती, त्यामुळे घरात दादा, माझा भाचा आणि भाचेसून. विहिरीजवळचं एक शेत तेवढं उरलं होतं, तिथं भाच्यानं बंगला बांधला. पोरगं मनानं चांगलं आहे. "आत्या, आबानं जल्मभर ढेकळं तुडवली," तो मला म्हणाला, "आता त्यास्नी हॉलमधी राजावानी बसवायचं. बस, मला दुसरं काय नको."

हॉल म्हणजे काय विचारता! पांढरीशुभ्र फरशी, वर झुंबर, मधोमध सोफा, आणि एसी असा की स्वेटर घालून बसावं. आमचं जुनं घर अख्खं त्यात मावलं असतं.

वास्तुशांतीच्या दिवशीच माझ्या लक्षात आलं की दादा त्या हॉलमधून सरळ जात नाही. दारातून आत यायचा, डावीकडे वळायचा आणि भिंतीच्या कडेकडेनं, एकापुढं एक पाऊल टाकत स्वयंपाकघरात जायचा. मला वाटलं, पाहुण्यांना बुजला असेल. पण पाहुणे गेले तरी तेच. "दादा, प्रदक्षिणा घालतोस का काय सोफ्याला?" मी चिडवलं. तो हसला नाही. मी काहीतरी भलतंच बोलले असावे तसा माझ्याकडे बघत राहिला.

काही महिन्यांनी भाचेसुनेचा फोन आला. ती शहरातच वाढलेली, अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलणारी. आवाज अगदी खाली गेला होता. "आत्याबाई, तुम्ही या. मामा रोज हॉलच्या कडेला बसतात आणि म्हणतात, वापस आला नाय अजून. कोण वापस यायचंय, आत्याबाई? मला त्या हॉलमध्ये एकटीला बसवत नाही."

मी गेले. बघते तर हॉलच्या चारी कोपऱ्यांत लिंबं ठेवलेली, वहिनीच्या फोटोला नवा हार घातलेला. कुणीतरी जाणता येऊन गेला होता. गेलेलं माणूस परत येऊ पाहतंय, असं सांगून दक्षिणा घेऊन गेला होता. भाचाही मान खाली घालून बसलेला. त्यानंसुद्धा 'वापस'च ऐकलं होतं. शेतकऱ्याचं पोर ते, पण शाळेपासून शहरात राहिलेलं.

मी इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अरे वेड्यांनो, वापस नाही, वापसा!" मग मी त्यांना सांगितलं. मोठा पाऊस झाल्यावर जमीन चिखल असते, तिच्यात पाय घालायचा नसतो. चार-दोन दिवस ऊन दिलं की ती पेरणीजोगी होते. ना फार ओली, ना कोरडी. त्याला वापसा म्हणतात. मूठभर माती घ्यायची, दाबायची, सोडायची. गोळा तसाच राहिला तर थांबायचं, फुटला तर पेरायचं. बस, एवढंच.

भाचेसून हसली. तिचा जीव भांड्यात पडला. लिंबं गोळा करून तिनं बाहेर टाकली. मी मात्र हसता हसता थांबले. भूत असतं तर ते घालवता तरी आलं असतं.

त्या दुपारी ती दोघं स्वयंपाकघरात होती. माझी पर्स सोफ्यावर राहिली होती म्हणून मी हॉलमध्ये गेले. खिडक्या बंद, एसी चालू, आणि आत ओल्या काळ्या मातीचा वास. मी सरळ सोफ्याकडे निघाले. निम्म्या वाटेवर माझी टाच रुतली. जराशीच, पण रुतली. खाली पाहिलं तर पांढरी फरशी, आणि तिच्यात माझाच चेहरा. मला फार भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पर्स तिथंच ठेवून मी भिंतीच्या कडेनं परत आले. कुणाला बोलले नाही.

नंतर बघत गेले तसं ध्यानात आलं. भाचेसून चहाचा ट्रे घेऊन कडेनं जायची. फरशी पुसणारी बाईसुद्धा मधला भाग घाईघाईनं उरकायची. विचारलं असतं तर कुणालाच कारण सांगता आलं नसतं. येताजाता आम्ही सगळेच त्या घरात बांधावरून चालत होतो.

भाद्रपदात चांगली झड लागली आणि मग लख्ख उघडलं. गौरी जेवून मी तिथंच राहिले होते. भर दुपारी दादा हॉलच्या कडेला उकिडवा बसला. रिकामी मूठ दाबली, उघडली, आणि तो हाताकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पालटला. वहिनी गेल्यापासून मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"आला," दादा म्हणाला, आणि अनवाणी, सरळ हॉलच्या मधोमध गेला.

भाच्याला कोण आनंद! याच दिवसासाठी त्यानं घर बांधलं होतं. त्यानं मोबाइल काढला. "बसा आबा, बसा सोफ्यावर. फोटो काढतो."

दादानं मागं न बघता हात लांबवला. "तिफण आण."

"आबा?"

"आरं तिफण आण लवकर. वापसा थांबत नाय कुणासाठी."

पेरायची ती तिफण भाच्यानं रोडवरच्या एका हॉटेलात शोभेला देऊन टाकली होती. तिथं भिंतीवर तिला रंगीत बल्ब गुंडाळून टांगलं होतं. मी स्वतः तिच्याखाली बसून पिठलं-भाकरी खाल्ली होती आणि वडिलांनी मारलेल्या पत्र्यावरून ती ओळखली होती. भाचा गाडीची किल्ली घेऊन पळत सुटला.

दादा मधोमध उभाच राहिला. पाणी दिलं, घेतलं नाही. मी कडेला उभी. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत होतं, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघत होते की खिडकीजवळची फरशी आधी फिकी पडली, मग तिच्या पुढची. ओलं रान उन्हानं पांढरं पडत जातं, तसं. भाचेसुनेनं माझा हात घट्ट धरला. तिलाही दिसलं असावं, पण मी विचारलं नाही.

गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. हॉटेलवाल्यानं मागितली ती किंमत देऊन भाच्यानं तिफण टपावर बांधून आणली होती. स्वतः खांद्यावर घेऊन तो आत आला. तिच्यावरचे बल्ब तसेच होते. घामानं निथळत त्यानं ती आबांच्या पायाशी ठेवली.

दादा वाकला. मूठ दाबली, उघडली.

"सुकली," तो हळूच म्हणाला. पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "आसू दे. तुजी काय चूक नाय."

आणि हॉलच्या मधून, वाटेल तसा तिरपा चालत तो बाहेर गेला. पडीक रानातून माणूस कसाही चालतो.

त्या दिवसापासून दादा सोफ्यावर बसतो. पाय वर घेऊन, टीव्ही लावून, राजासारखा. येणारेजाणारे म्हणतात, म्हातारा सुखात आहे. मातीचा वास गेला. भाचेसून बिनधास्त वावरते. मला हायसं वाटायला हवं होतं, पण माझं काळीज तुटतं.

परवा गेले तर भाचा भिंतीच्या कडेनं येताना दिसला. माझ्याजवळ खाली बसला. हाताची मूठ वळलेली. "आत्या," त्यानं विचारलं, "वापसा वापस येतो का गं?"

"पाऊस पडला की येतो," मी सवयीनं म्हणाले.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. वर झुंबर होतं.