बाग दाखवायचा दिवस

तालुक्यातल्या शिक्षकांना परसबाग शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते आमच्या शाळेच्या बागेमुळे. आटपाडीकडच्या कोरड्या माळावर, मुलांनी हात धुतलेल्या पाण्यावर आम्ही मेथी, पालक, दुधी काढत होतो. पोषण आहाराच्या आमटीत आमचीच भाजी पडायची. आम्ही म्हणजे खरं तर सहावीतली एक मुलगी, मेंढपाळाची. वर्गात गणित म्हटलं की तिचं तोंड वाकडं. बागेत मात्र वाफ्यावर नजर टाकून बी किती लागेल ते सांगायची. त्या बागेपायीच ती रोज शाळेत यायला लागली होती.

दिवाळी झाली की तिच्या घरचे मेंढरं घेऊन फलटणकडे, कॅनॉलच्या पाण्याला निघत. ती मागे चुलतीजवळ राहायची. यंदा आईची कंबर धरली आणि कोकरं सांभाळायला माणूस उरलं नाही. पोरीला सोबत नेतोय हे सांगायला बाप शाळेत आला तेव्हा माझा तोलच सुटला.

"पोरीचं वाटोळं करताय तुम्ही! वर्ष बुडेल तिचं!"

तो खाली बघत म्हणाला, "आवं बाई, आमाला काय हौस हाय व्हय? तुमीच सांगा, कोकरं कुणी बघायची?"

मी आणखीच ओरडले. शेवटी एवढंच ठरलं, की शिक्षक बाग बघायला येतील त्या दिवशी तिनं त्यांना बाग दाखवायची आणि मग निघायचं. माझ्या मनात वेगळंच होतं. लेकीचं कौतुक कानांनी ऐकलं की बाप विरघळेल, तिला ठेवून जाईल. काय खुळी मी!

शिक्षक आले. अर्धे सावलीला टेकले, अर्धे दुधीबरोबर फोटो काढायला लागले. "फोटो कुठं पळून जात नाहीत, आधी ऐका तरी!" मी खेकसले. पोरगी मात्र जराही बिचकली नाही. मेथी एकदम न पेरता थोडी थोडी का पेरायची, टोमॅटोला काठीचा आधार कधी द्यायचा, वाफे मोजून आम्ही क्षेत्रफळ कसं शिकलो, सगळं धडाधड सांगितलं. लय टाळ्या पडल्या. बाप फाटकाशी उभा राहून ऐकत होता. त्याचे डोळे भरलेले मी पाहिले आणि मनात म्हटलं, जमलं बाई!

एका सरांनी कौतुकानं विचारलं, "मग बाळ, पुढच्या महिन्यात काय लावणार?"

"पुढच्या म्हैन्यात मी न्हाई. बाईंना इचारा."

"बरं बरं," म्हणत सर दुसऱ्या वाफ्याकडे वळले. का गं, कुठं चाललीस, असं एकानंही विचारलं नाही. बापानं उपरण्यानं डोळे पुसले आणि तिला हाक मारली. मेंढरं केव्हाच पुढे गेली होती.

मला रडू आवरेना. सगळ्यांदेखत रडले, रडू नाहीतर काय करू! वाफ्यातून मेथी उपटली, तिची जुडी केली आणि फाटकापाशी तिला गाठलं.

"घे. तूच लावलीस ना? आज मुक्कामाला आईला भाजी होईल."

तिनं हात पाठीमागे नेले.

"नगं बाई," ती म्हणाली. "ती शाळंतल्या पोरांची हाय."